मोजेकाका आणि चार पावलं

आमच्या केंद्रात आलेल्या माणसाला पहिले प्रश्न मी विचारते. वय काय, राहता कुठे, पाय डावा गेला की उजवा. ते सगळं लिहून झालं की माणूस आत जातो. आत मोजेकाका असायचे, आणि त्यांचा प्रश्न एकच असायचा. "किती मोजे?"

बाहेरच्याला हे खूळ वाटेल, म्हणून समजावून सांगते. कृत्रिम पाय म्हणजे काही चप्पल नव्हे, माप सांगितलं आणि खोक्यातून काढून दिली. गुडघ्याखाली पाय कापल्यावर जो तुकडा उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो, आणि तो ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट. हा स्टंप भलताच लहरी. सकाळी फुगतो, दिवसभर चाललं की आटतो. आटला की सॉकेट सैल होतं, मग स्टंपावर एक सुती मोजा चढवायचा. आणखी सैल झालं की दुसरा. तेव्हा अंगावर किती मोजे आहेत ते कळलं की पाय कसा चाललाय ते कळतं. काका म्हणायचे, "कसे आहात विचारलं की माणूस 'मजेत' म्हणतो. मला मजा नको, आकडा सांगा."

त्यांच्या निळ्या डगल्याचे दोन्ही खिसे मोज्यांनी फुगलेले असायचे. नखांत प्लास्टर. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि स्वभावाने असे तिरसट की नवीन आलेला माणूस पहिल्या भेटीत हमखास दुखावून जायचा. दुसऱ्या भेटीत तोच माणूस दोन तास बाकड्यावर बसून राहायचा, पण दुसऱ्या कारागिराकडे जायचा नाही. त्यांची बायको एकदा मला म्हणाली होती, "जगाचे पाय हातात घेऊन बसतात. माझ्या टाचांना भेगा पडल्यात, त्या बघायला यांना सवड नाही." काका शेजारीच होते. म्हणाले, "तुझ्या टाचा तुझ्याजवळ आहेत ना? मग झालं तर."

रोज सकाळी आत शिरण्याआधी काका फाटकावर थांबत. आमचा पहारेकरी तिथे केबिनमध्ये असतो. त्याचा डावा पाय मांडीपासून नाही. काका त्याला विचारत, "किती मोजे?" तो म्हणे, "दोन." किंवा "तीन." एवढंच. मग दोघं चहा घेत, आणि काका आत येत. मला वाटायचं, जुने दोस्त असतील.

नोकरीला लागल्यावर सहा वर्षांनी मला कळलं की तसं नव्हतं. केंद्राचं उद्घाटन झालं त्या दिवशी हा पहारेकरी मंचावर चालणार होता. तेव्हा तो ट्रक चालवायचा आणि त्याचा पाय गुडघ्याखाली गेलेला होता. स्टंपाच्या टोकाला बारीकशी जखम होती. पाहुणे येऊन बसलेले, फीत कापायची वेळ झालेली. काकांनी काय केलं, जखमेला टोचू नये म्हणून मऊपणासाठी वर आणखी एक मोजा चढवला. आधीच सॉकेट घट्ट, त्यात आणखी एक मोजा. म्हणाले, "चारच पावलं टाका." तो टाकून आला. टाळ्या पडल्या. जखम चिघळली, हाडापर्यंत गेली, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांना गुडघ्याच्या वर कापावं लागलं. गुडघा असला की माणूस जिना चढतो, बसतो, उठतो, गाडी चालवतो. गुडघा गेला की आयुष्यभर कंबर फेकत चालायचं. काकांनी खटपट करून त्याला फाटकावर नोकरी लावून दिली. त्याने काकांना कधी बोल लावला नाही. काकांना तेच खायचं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. आता सांगायला हरकतही नाही. लोकांना रडायला दुसरं मूल सापडलंय.

तर ती मुलगी. अकरा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिच्या पायावरून गाडी गेली होती, पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. पाठीला दप्तर, एका हातात बापाची जुनी काठी, आणि ही पोर एका पायावर उड्या मारत शाळेला निघालेली. वीस सेकंदांचा असेल. मी तो ऑफिसात बसून पाहिला, डोळे पुसले आणि अकरा ग्रुपांवर पुढे पाठवला. खोटं कशाला बोलू? पाठवून मला बरं वाटलं, आपण कुणासाठी तरी काहीतरी केलं असं वाटलं.

तीन दिवसांत ती सगळ्या वाहिन्यांवर होती. चौथ्या दिवशी साहेब बोलले. साहेब म्हणजे ज्यांच्या संस्थेच्या आधारावर आमचं केंद्र चालतं ते. पुढे मोठ्या खुर्चीवर बसणार अशी तेव्हा बोलवा होती. मुलाखतीत त्यांचा गळा दाटून आला आणि ते म्हणाले, "आजपासून पंधराव्या दिवशी ही लेक स्वतःच्या पायावर चालत माझ्यापर्यंत येईल. हा माझा शब्द आहे." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. तो माणूस दगड नव्हता. त्यांना खरंच दया आली होती, फक्त तिला पंधरा दिवसांची मुदत त्यांनी आपल्या मनाने घालून टाकली होती.

काका उपाहारगृहात तो कार्यक्रम बघत होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "कुणाला विचारून?"

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बरोबर आई, एक कॅमेरावाला आणि साहेबांच्या संस्थेच्या मॅडम. आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करायची, आणि खुर्ची दिली तरी टेकत नव्हती. काकांनी कॅमेरावाल्याला बाहेर घालवलं. मग स्वतः मुलीपेक्षा बुटक्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, हात लावू का?"

मुलगी बघतच राहिली. चार महिन्यांत डॉक्टर, नर्स, शेजारीपाजारी, वार्ताहर, सगळ्यांनी तो पाय उघडा करून पाहिला होता. विचारलं कुणीच नव्हतं. ती म्हणाली, "नको."

"बरं," काका म्हणाले, आणि खरंच उठून दुसऱ्या कुणासाठी केलेल्या कृत्रिम पायाला पॉलिश करायला लागले. आई ओशाळली, मुलीला दटावायला लागली, काकांनी हाताने थांबवलं. अर्ध्या तासाने पोर आपणहून म्हणाली, "आता लावा."

स्टंप पाहून काका बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. टोकावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती. सूजही होती. "दोन महिने पट्ट्या बांधाव्या लागतील," ते मॅडमना म्हणाले. "सूज उतरली की माप घेऊ. मग पाय."

"तारीख जाहीर झालीय, काका."

"तारखेला सूज असते का?"

मॅडम हसल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हाताखालच्यांशी नीट बोलायच्या. पण त्यांनी आमच्या प्रमुख डॉक्टरांना फोन लावला, आणि प्रमुखांनी काकांना आत बोलावून दार लावून घेतलं. काका बाहेर आले आणि निमूटपणे प्लास्टर कालवायला लागले. फायलीत मात्र त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "हा पाय फक्त माप पाहण्यासाठी आहे. वजन टाकायचं नाही." खाली सही केली. ती फाईल माझ्याच कपाटात होती, आणि ती उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही.

काकांनी आईला पट्टी बांधायला शिकवलं, पाय लोंबकळत ठेवू नका म्हणून दहादा बजावलं. पण त्या पंधरा दिवसांत मुलीला कोण घरी बसू देतंय? आज या वाहिनीवर, उद्या त्या. गाडीत तासन् तास पाय खाली सोडून प्रवास. स्टुडिओत गेलं की पट्टी काढायची, लोकांना दिसायला हवं ना. "मग बांधू हं बाळा." मग कुणाला आठवण राहणार?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहाच्या मागच्या खोलीत काकांनी पट्टी सोडली. मी फाईल घेऊन शेजारी उभी होते. स्टंपाच्या टोकाला मसुरीच्या डाळीएवढी जागा उघडी पडली होती. ओली. भोवती लाल.

काकांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

ते तडक मॅडमकडे गेले. मी मागोमाग. मॅडमच्या एका कानाला फोन, दुसऱ्या कानात यंत्र. बाहेर सातशे माणसं, आणि पाऊण तासात सगळं थेट दिसणार होतं.

"ती आज चालणार नाही," काका म्हणाले.

"चार पावलं, काका. खुर्चीपासून साहेबांपर्यंत. मी स्वतः मोजलीत. लगेच बसवू तिला."

"त्या चार पावलांत गुडघा जाईल तिचा."

"एवढ्याशा खरचटण्याने?" मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमच्याकडे यादीत किती माणसं थांबलीत ते मला ठाऊक आहे. साहेब आज नाराज झाले तर त्यांचं काय होईल, याचाही विचार करा. तुम्हाला एकट्यालाच कळवळा आहे असं समजू नका."

काका प्रमुखांकडे गेले. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मलमपट्टी करा आणि वर एक जादा मोजा घाला." नेमकं तेच. काका दाराची चौकट धरून उभे राहिले.

मग आईकडे. आईच्या पदराला कुणी माइक लावत होतं. काकांनी तिला जखमेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. ती रडवेली झाली. "मोठे डॉक्टर म्हणतात काही होत नाही. तुम्ही म्हणता गुडघा जाईल. मी कुणाचं ऐकू? आणि आता नाही म्हटलं तर उद्या हीच माणसं म्हणतील, फुकट मिळालं तर माजली. आम्हाला त्याच गल्लीत राहायचंय."

ती काही खोटं बोलत नव्हती. तिला कुणी परवानगी विचारलीच नव्हती, तर ती नाकारणार कशी?

परतताना मी काकांना एक वाक्य बोलले. ते आजही मला टोचतं. मी म्हणाले, "काका, चारच पावलं तर आहेत. जाऊ द्या."

काका थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "फाटकावर जाऊन त्याला सांगशील?"

मी फाईल घेऊन त्यांच्यामागे चालू लागले.

खोलीत मुलगी आरशासमोर बसलेली. तिला नवा फ्रॉक घातला होता, गालांना रंग लावला होता. पाय टेबलावर उभा होता, पावलात चकचकीत बूट. काकांनी दार लोटलं, बूट काढला, खिशातून किल्ली काढली आणि पावलाच्या तळव्यातून बोल्ट सोडवायला लागले. पाऊल वरच्या नळीला एकाच बोल्टने धरलेलं असतं. करंगळीएवढा लांब, पण सगळा भार त्याच्यावर. मुलगी आरशातून बघत होती.

"हा काढल्यावर काय होतं?"

"पाऊल राहत नाही."

"मग मला चालावं लागणार नाही?"

काकांचा हात थांबला. "तुला चालायचंय?"

"चालायचंय." मग जरा वेळाने, "आज नाही. दुखतंय."

"कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. सगळे म्हणतात, थोडंसंच आहे, शूर आहेस ना तू."

काकांनी बोल्ट काढून टेबलावर ठेवला. पाऊल नुसतंच नळीखाली टेकवलं, बूट चढवला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्यांचा बेत साधा होता. मंचावर पाय बसवायला काकाच जाणार होते. तिथे ते म्हणणार, बोल्ट गहाळ झालाय, माझी चूक. दुसरा शोधेपर्यंत थेट कार्यक्रमाची वेळ टळेल. कुणाचा अपमान नाही, आरडाओरडा नाही.

मी विचारलं, "काका, सरळ माइकवरच का नाही सांगत?"

"सांगितलं असतं. मग सातशे माणसं हिच्याकडे वळली असती. साहेब प्रेमाने म्हणाले असते, बाळ, चालशील ना? आणि ही चालली असती." ते मुलीकडे वळले. "चालली असतीस की नाही?"

मुलीने मान खाली घातली.

दारावर थाप पडली. "चला, चला!" काका बोल्टकडे हात नेत होते, त्याआधीच मुलीने तो उचलला आणि मूठ मिटली. "दे इकडे," काका पुटपुटले. दार उघडलं. मॅडम आत आल्या, दोन माणसांनी मुलीला खुर्चीसकट उचललं आणि नेलंसुद्धा. उजवी मूठ फ्रॉकच्या घोळात होती.

पुढचं तुम्हीही पाहिलं असेल. पण तुम्ही समोरून पाहिलंत, मी बाजूने पाहिलं. मुलगी खुर्चीत. चार पावलांवर साहेब. मधे टेबलावर पाय, काकांनी तळव्याखाली हात धरून स्वतः आणून ठेवलेला. काकांचं नाव पुकारलं जाणार, तेवढ्यात साहेबांना काय भरून आलं कोण जाणे, ठरलेलं नसताना ते स्वतःच पुढे झाले. "हा पाय मी माझ्या हातांनी माझ्या लेकीला देणार," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तो डोक्यावर उंच धरला.

पाऊल निसटलं. बुटासकट. टेबलावर आदळलं, तिथून मंचावर, आणि घरंगळत पहिल्या रांगेच्या पायाशी गेलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांच्या हातात नुसती नळी. त्यांचा चेहरा लाल होत गेला, कानांपर्यंत.

काका पुढे गेले. "माझी चूक. बोल्ट राहिला."

"राहिला?" साहेबांचा आवाज माइकवरून सगळीकडे गेला. "एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि बोल्ट राहिला?"

"शोधा," मॅडम म्हणाल्या. "यांच्याकडेच असेल. खिसे बघा."

आणि थेट कॅमेऱ्यासमोर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मोजेकाकांचे खिसे उलटे करण्यात आले. मोजे पडले. पांढरे, पिवळट, लहान मुलांचे, मोठ्यांचे. खडू, मापाची पट्टी, गोळ्यांचं एक अर्धं पाकीट. बोल्ट नाही. काका हात बाजूला धरून उभे होते. मी पुढे होऊन फाईल उघडू शकले असते. नाही उघडली.

साहेबांनी स्वतःला सावरलं. कसलेला माणूस. मुलीसमोर गुडघे टेकून बसले, डोळे ओले, हात पुढे केला. "बाळ, रडू नकोस. तुला याहून चांगला पाय देईन. दे, हात दे."

मुलीने डावा हात दिला.

"उजवा दे ना गं," आई मागून कुजबुजली. "साहेब आहेत."

मूठ फ्रॉकच्या घोळात पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती. कॅमेरा तिच्यापासून दोन हातांवर. साहेब वाट बघत होते. मुलीने एकदा खाली पडलेल्या मोज्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि म्हणाली, "उजवा दुखतोय."

साहेबांनी डावा हात दोन्ही हातांत धरला. कार्यक्रम संपला.

त्यानंतर जे झालं ते सांगताना अजून माझ्या तोंडाला कडू चव येते. संध्याकाळपर्यंत काकांचे खिसे उलटे केल्याचा व्हिडिओ सगळीकडे. "निष्काळजी कारागिराने चिरडलं चिमुकलीचं स्वप्न." ज्यांनी मुलीसाठी अश्रू गाळले होते, त्यांनीच काकांच्या नावाने बोटं मोडली. किती पगार खातो, कुणाकडून पैसे घेतले, याचेच हातपाय तोडा. ज्या अकरा ग्रुपांवर मी मुलीचा व्हिडिओ पाठवला होता, त्यांतल्या सातांवरून काकांचा व्हिडिओ माझ्याकडे परत आला. माझ्या जाऊबाईंनी विचारलं, "हा तुमच्याकडचाच ना?" मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. आई वाहिनीवर म्हणाली, "माझ्या मुलीच्या आयुष्याशी खेळला तो माणूस."

काकांना काढून टाकलं. केंद्रात पाऊल ठेवायला बंदी. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "मी सगळं सांगते. फाईल आहे माझ्याकडे, सही आहे."

"आणि बोल्ट कुणाकडे होता, तेही सांगशील?"

"त्याची काय गरज?"

"विचारतील. खणून काढतील. आज मला शिव्या देतात, उद्या तिला देतील. मी म्हातारा आहे, मला दोन महिन्यांत विसरतील. ती शाळेत जाणार आहे." ते बायकोच्या टाचांना मलम लावत होते, तसेच खाली मान घालून बोलत होते. बायको मला म्हणाली, "बघ, नोकरी गेली तेव्हा कुठे माझ्या टाचांचा नंबर लागला." म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी फाईल कपाटातच ठेवली. साहेबांनीही मग घाई केली नाही. फजिती एकदा झाली होती, दुसऱ्यांदा नको होती. त्यामुळे मुलीला निवांत अडीच महिने मिळाले. जखम भरली. सूज उतरली. नव्या कारागिराने नीट माप घेऊन पाय केला, कॅमेरा नाही, काही नाही. चांगला केला, उगाच नावं ठेवणार नाही.

पाय बसवायच्या दिवशी दुपारी मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहिली, काखेत काठी, आणि तिने मूठ उघडली. बोल्ट. घासून घासून चकचकीत केलेला.

"हा लावायचा. आणि काकांनीच लावायचा."

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. "महिन्याभराने सांगितलं तिने मला," एवढंच म्हणाली.

मी काकांना फोन केला. ते नाहीच म्हणत होते, बंदी आहे म्हणाले. मी फोन पहारेकऱ्याला दिला. तो म्हणाला, "बंदी केंद्रात आहे ना? माझी केबिन फाटकाच्या बाहेर येते. या गुमान."

काका आले. वाळले होते. नवा पाय मी आतून आणून ठेवला होता. त्या एवढ्याशा केबिनमध्ये मुलगी पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसली, काका उपड्या बादलीवर. पहारेकरी दाराशी उभा. आईने पिशवीतून सहा मोजे काढले. नवे, सुती, धुऊन इस्त्री केलेले. मोज्याची घडी किंवा सुरकुती स्टंपाला टोचते, हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिने एकाही मोज्यावर घडीची रेघ पडू दिली नव्हती. काकांनी प्रत्येकावरून अंगठा फिरवला. सहाच्या सहा. मग म्हणाले, "छान झालीय इस्त्री." आई भिंतीकडे तोंड करून रडली.

"हात लावू का, बाईसाहेब?"

"लावा."

त्यांनी बोल्ट बसवला, किल्लीने आवळला. "किती मोजे?"

"दोन."

"चालून दाखव."

ती फाटकापर्यंत गेली, परत आली. "थाप मारतेस," काका म्हणाले. "तीन लागतील."

"तीन घातले की गरम होतं."

"होऊ दे."

तिसरा मोजा चढवून झाला आणि ती उठणार, तेवढ्यात पहारेकरी म्हणाला, "पोरी, गुडघा वाकवून दाखव बरं."

तिने वाकवला.

"सरळ कर. आता पुन्हा."

तिने पुन्हा वाकवला. पहारेकरी त्या वाकणाऱ्या गुडघ्याकडे बघत राहिला, किती वेळ तरी. काका किल्ली हातात धरून जमिनीकडे बघत होते, मान वर करायची त्यांची छाती होत नव्हती.

"काका," पहारेकरी म्हणाला, "बारा वर्षं रोज सकाळी येऊन माझे मोजे विचारता. आता नाही विचारलेत तरी चालेल."

काका रडले. सगळ्यांसमोर, डगल्याच्या बाहीत तोंड खुपसून. त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मीही रडले.

मग त्यांनी नाक पुसलं, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "आज किती आहेत?"

"दोन," पहारेकरी म्हणाला, आणि त्याने काकांचा कप चहाने भरला.